कंपनी येगळी काऊन झाली?

तोतारामभाऊंना काही समजावून सांगितलं, की ते डोळे मिटून ऐकत. मधूनमधून मान डोलवत. शेवटी डोळे उघडून म्हणत, "हाव, बराबर हाय. पटलं मले." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जायला निघाले, की जिन्याच्या तोंडाशी उभे असत. "बाई, कालचं सगळं पटलं. पन मंग काऊन?"

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. ह्यांची पाटबंधारे खात्यात बुलढाण्याला बदली झाली आणि मला तिथल्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली. आम्ही नगरकडचे. तिथली बोली कानाला नवी; 'काऊन' म्हणजे 'का', हेही मागाहून कळलं. पहिल्याच दिवशी तोतारामभाऊंनी आमच्या ट्रंका स्वतः उचलून वर नेल्या आणि विचारलं, "जेवून आले का जेवाचं हाय?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. आम्हाला प्रश्न कळेपर्यंत खालून ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा आलासुद्धा.

बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचं दुमजली घर होतं. वर आम्ही भाडेकरू. खाली मागच्या बाजूला तोतारामभाऊ आणि त्यांचे धाकटे भाऊ पांडुरंगराव, दोघांचे संसार एकाच चुलीवर. पुढच्या खोलीत दोघांची मोटारींची एजन्सी. एजन्सी म्हटल्यावर काचा आणि चकचकीत गाड्या डोळ्यांपुढे येतील, पण तसं काही नव्हतं. तिथे एक लांबलचक सागवानी टेबल होतं, भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर होतं आणि दारावर कंपनीच्या नावाची पाटी. त्या कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. ती मोटारीही बनवायची आणि ट्रकही, आणि दोन्हींवर एकच नाव असायचं. गिऱ्हाईकानं नाव नोंदवायचं आणि नंबर लागेपर्यंत वाट पाहायची, असा तो काळ. ट्रक यायचा तोही अर्धाच. चाकं, इंजिन, बॉनेट, स्टिअरिंग, एवढंच. मुंबईहून ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, डोक्याला फडकं गुंडाळून तो सांगाडा चालवत आणायचा. वरचं खोकं मग खामगावला मिस्त्रीकडे बांधायचं.

टेबलाच्या एका टोकाला तोतारामभाऊ बसत. धोतर, सदरा, पांढरी टोपी. त्यांच्याकडे ट्रकची गिऱ्हाइकं. मोताळ्याचे कापसाचे व्यापारी, खेड्यापाड्यातले जमीनदार पाटील. दुसऱ्या टोकाला पांडुरंगराव, पँट आणि इस्त्रीचा शर्ट. त्यांच्याकडे डॉक्टर, वकील, मोटार घेऊ पाहणारे. एका टोकाला गिऱ्हाईक आलं, की दुसऱ्या टोकावरून चहाची हाक जायची. कोणाचं गिऱ्हाईक कोणाकडे, असा हिशेब नव्हता.

तोतारामभाऊंना ट्रकची तारीफ करता येत नसे. ते उलट गिऱ्हाइकालाच प्रश्न विचारत. माल काय भरणार, घाट चढायचा की उतरायचा, ड्रायव्हर कोण, तो दारू पितो का. समाधान झालं नाही तर सरळ सांगत, "तुले ट्रक नाही लागत बे. बैलजोडी बदल अन् घरी जाय." पांडुरंगराव टेबलाच्या पलीकडून कपाळाला हात लावत. पण असा परत पाठवलेला माणूस दोन वर्षांनी पुन्हा यायचा तो त्यांच्याकडेच. कंपनीला ते 'आपली कंपनी' म्हणत आणि मुंबईच्या मालकाला नुसतं 'मालक'. मालकाला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. तरी नवा सांगाडा दारात आला, की बॉनेटवर तळहात ठेवून म्हणायचे, "मालकानं बरी धाडली."

एका दुपारी मुंबईहून कंपनीचा साहेब आला. तरुण होता, गळ्यात टाय, घाट चढून आल्यामुळे तोंड उतरलेलं. शनिवारची अर्धी शाळा होती, म्हणून मी घरी होते. साहेबाशी बोलायला कुणी शिकलेलं असावं म्हणून पांडुरंगरावांनी मलाही खाली बोलावलं. साहेबानं सांगितलं, की यापुढे ट्रक वेगळ्या नावानं निघतील. गाडीवरचा बिल्ला वेगळा, कंपनी वेगळी. मोटारींना जुनंच नाव राहील. आणि दोन्ही एका छपराखाली विकता येणार नाहीत. भावांनी काय ते वाटून घ्यावं.

तोतारामभाऊंनी हळूच विचारलं, "भांडन झालं का?"

"कोणाचं?"

"मालकाचं. भावाभावाचं."

साहेब हसला. "अहो, मालक एकच आहेत. इकडेही तेच, तिकडेही तेच."

"मंग येगळी कायले झाली?"

साहेबानं नीट समजावलं. मोटार घेणारा माणूस गादी बघतो, रंग बघतो, शेजारी काय म्हणतील ते बघतो. ट्रक घेणारा बघतो किती क्विंटल ओढेल आणि मोडला तर सुटा भाग कुठे मिळेल. एका नावानं दोघांशी बोलता येत नाही. मोटारीचं नाव ऐटीत राहायला हवं, ट्रकचं दणकट. तोतारामभाऊंनी डोळे मिटून ऐकलं. "पटलं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, तरी ते जिन्याशी हजर. "बाई, मोताळ्याचे पाटील आपल्याकडून ट्रकबी नेतात अन् मोटारबी नेतात. मानूस तं एकच हाय ना? त्याच्याशी एका नावानं बोललं तं काय बिघडते?"

मी इतिहास-भूगोल शिकवणारी. मला काय सांगता येणार? मी त्यांना कॉलेजात कॉमर्स शिकवणाऱ्या ओळखीच्या प्राध्यापकांकडे पाठवलं. प्राध्यापक म्हणाले, ट्रकचा धंदा पिकावर चालतो. कापूस गेला, की ट्रक खपत नाहीत. तो तोटा मोटारीच्या धंद्याला लागू नये म्हणून दोन्ही वेगळे ठेवायचे. शिवाय उद्या कुणाला फक्त ट्रकमध्येच भांडवल घालायचं असलं, तर तेही सोपं पडतं. हेही तोतारामभाऊंना पटलं. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते दहा जणांना सांगितलं आणि सकाळी मला म्हणाले, "पन बाई, दोन्ही खिसे मालकाचेच. ह्या खिशाले भोक पडलं तं त्या खिशाले काय आनंद?"

मग एक वकील म्हणाले, की घाटात ट्रक उलटला, की वर्तमानपत्रात कंपनीचं नाव येतं, मोटार विकणाऱ्याला ते नको असतं. यावर मात्र तोतारामभाऊ रागावले. त्यांच्या गिऱ्हाइकाचा एकही ट्रक उलटला नव्हता. त्यांच्या बायकोनं, रुखमावहिनींनी, तांदूळ निवडता निवडता निकाल दिला. "दोन सुना आल्या, की चूल येगळी होते. त्यात इचारायचं काय?"

"पन आपली कुठी झाली?" तोतारामभाऊंनी विचारलं.

वहिनी सुपात तांदूळ घेऊन पाखडू लागल्या.

पांडुरंगरावांनी रस्त्याच्या पलीकडे जागा घेतली. भांडण वगैरे काही नाही. उलट पाटी कुठे लावायची, दार कोणत्या अंगाला करायचं, हे सगळं दोघांनी मिळून ठरवलं. अडचण आली ती टेबलाची. ते कोणाकडे जावं? "तू ने," "तू ठेव," असं दोन दिवस चाललं. शेवटी प्रेमापोटीच त्यांनी सुतार बोलावला आणि टेबल मधोमध कापलं. प्रत्येक अर्ध्याला दोनच पाय उरले, म्हणून नवे जोडावे लागले. तोतारामभाऊंच्या अर्ध्याला जोडलेले पाय आखूड निघाले. त्यावर ठेवलेला चहा कपाच्या एका काठाकडे झुकून राहायचा. ते मान वाकडी करून त्याकडे पाहत बसायचे.

नव्या नावाचा पहिला ट्रक आला तो मोताळ्याच्या शामरावांसाठी. शामरावांनी ट्रकभोवती फेरी मारली आणि बिल्ल्याशी थांबले. "भाऊ, नाव दुसरंच हाय. डुप्लिकेट तं नाही ना?"

"नाव फक्त बदललं. गाडी तेच."

"तेच हाय तं बदललं काऊन?"

झालं! ज्या प्रश्नाचं उत्तर तोतारामभाऊ स्वतः गावभर शोधत होते, तोच प्रश्न गिऱ्हाइकानं त्यांना विचारला. ते म्हणाले, "घाट चढवून दाखवतो." खोकं बांधून झाल्यावर त्यांनी शामरावांचा नवा ट्रक आणि गणपतशेठ नावाच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा जुन्या नावाचा ट्रक राजूर घाटाच्या पायथ्याशी उभे केले. दोन्हींत कापसाच्या सारख्याच गाठी. पांडुरंगरावांनी आम्हाला मोटारीतून घाटाच्या माथ्यावर नेलं. वर पन्नासेक माणसं जमली होती. खालून घरघर यायला लागली. वळणामागून आधी नवा ट्रक दिसला. जुना थोडाच मागे होता, पण मागे होता.

तोतारामभाऊंनी टोपी काढून कपाळ पुसलं. "पाह्यलं? कुठी हाय डुप्लिकेट?"

शामराव खूश झाले. पण गणपतशेठ खाली उतरले ते लालबुंद होऊन. "म्हंजे माह्याच ट्रकात खोट होती! तवाच तं कंपनीनं आपलं नाव येगळं करून घेतलं!"

"अहो शेठ, दोन्ही एकच हायेत."

"एकच हायेत तं तो पुढे काऊन निघाला?"

तोतारामभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पांडुरंगरावांकडे पाहिलं. पांडुरंगराव मोटारीची काच पुसू लागले. पुढच्या बाजारच्या दिवशी जुने ट्रक घेतलेले चार-पाच जण दारात उभे. आम्हालाही नवा बिल्ला द्या, म्हणत होते.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग सुलतानपूरहून आत्या आली. या दोघांना आईच्या मागे तिनंच वाढवलं होतं. भाऊ वेगळे झाले, दोन पाट्या लागल्या, टेबलसुद्धा कापलं, असं तिच्या कानावर गेलं होतं. ती बसमधून उतरली ती रडतच. ओट्यावर बसकण मारून म्हणाली, "भांडन कशावून झालं ते सांगतल्याबिगर मी पानी नाही पेनार."

"झालंच नाही, आत्या," तोतारामभाऊ म्हणाले. "कंपनी येगळी झाली. आमी नाही."

"कंपनी कायले येगळी होईन? कंपनीले का दोन बायका हायेत?"

तोतारामभाऊंनी तिला साहेबाचं सांगितलं, प्राध्यापकांचं सांगितलं, वकिलांचंही सांगितलं. तिला वाटलं, हा लपवतोय. दुपार झाली, ती पाणी प्यायली नाही. मे महिना होता. शेवटी तिला काहीतरी सांगायलाच हवं म्हणून तोतारामभाऊंनी शोधून शोधून एक गोष्ट काढली. "पांडू आता तिकडे एकटाच चहा पेते. मले हाक नाही मारत." आत्या तेवढं घेऊन रस्ता ओलांडून गेली. पांडुरंगरावांनीही आधी काही नाहीच म्हटलं. मग तीच चहाची तक्रार ऐकून तेही बोलून गेले, "दादा माह्या गिऱ्हाइकायसमोर मले 'पांड्या' म्हनते. डॉक्टर लोक हासतेत." आत्या ते घेऊन परत आली. तिची समजूत पटली, ती पाणी प्यायली, दोघांना डोक्यावर हात ठेवून नीट वागायला सांगून तिसऱ्या दिवशी निघून गेली.

तक्रारी मात्र मागे राहिल्या. आत्या येण्याआधी त्या नव्हत्या, असं मला खात्रीनं वाटतं. पण एकदा तोंडातून निघाल्यावर दोघांनाही त्या खऱ्या वाटू लागल्या. तोतारामभाऊ भावाला 'पांडुरंगजी' म्हणायला लागले. पांडुरंगराव गल्ल्यावरच्या पोऱ्याकरवी चहाचं बोलावणं धाडायला लागले, आणि तोतारामभाऊ "आताच झाला" असा निरोप धाडायला लागले. पांडुरंगरावांचं बोलणंही बदललं. गिऱ्हाइकांशी ते पुस्तकी मराठी बोलत, ते हळूहळू घरातही आलं. एके दिवशी जेवताना त्यांनी "मले"ऐवजी "मला" म्हटलं, तर रुखमावहिनींनी वाढता हात आखडला आणि मग पुन्हा वाढायला लागल्या. पाऊस उघडल्यावर पांडुरंगराव कोर्टाकडच्या अंगाला नव्या घरात राहायला गेले.

सामान गेलं त्या संध्याकाळी तोतारामभाऊ वर आमच्याकडे आले. प्रथमच त्यांनी कंपनीचं विचारलं नाही. "बाई, तुमी तं इथीच होत्या," म्हणाले. "तुमी खिडकीतून सारं पाहून राह्यल्या होत्या. आमचं भांडन कोनत्या दिवशी झालं?"

मी म्हटलं, "भाऊ, झालंच नाही."

"हाव, बराबर हाय," ते म्हणाले. मग टोपी घालून खाली गेले.

पुढच्या उन्हाळ्यात पांडुरंगरावांच्या मुलीचं, मंदाचं, लग्न निघालं. मंदा तोतारामभाऊंच्याच अंगाखांद्यावर वाढलेली. एका सकाळी पांडुरंगरावांची बायको कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेऊन आल्या. रुखमावहिनींना कुंकू लावलं, माझ्या आणि तोतारामभाऊंच्या हातावर अक्षता ठेवल्या, त्यांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "लग्नाले सगळ्यायनं या बरं." अगदी पाहुण्यांना म्हणतात तसं.  त्या गेल्यावर तोतारामभाऊ हातातल्या अक्षतांकडे पाहत म्हणाले, "आपल्याच पोरीच्या लग्नाचं आपल्यालेच आवतन? ह्याचं आता काय करतेत?" वहिनी म्हणाल्या, "जातेत." 

लग्नाला आम्ही त्यांच्याबरोबरच गेलो. मांडवात पुढे सतरंजीवर डॉक्टर-वकील बसले होते. तोतारामभाऊंना कुणीतरी आदरानं त्यांच्यातच बसवलं. शेजारी बसलेल्या बाहेरगावच्या एका डॉक्टरांनी सहज विचारलं, "आपण कोणाकडचे? मुलाकडचे का?"

तोतारामभाऊंनी विचार केला. खरोखर विचार केला. मग म्हणाले, "तेच तं समजून नाही राह्यलं."

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, पंगतीची तयारी सुरू झाली आणि मांडवाबाहेर गाड्यांचा आवाज झाला. दोन ट्रक येऊन थांबले. एक शामरावांचा, एक गणपतशेठचा. दोन्हींत माणसं दाटीवाटीनं उभी होती. मोताळ्याकडचे शेतकरी, ड्रायव्हर, क्लीनर. यांना कुणीच बोलावलं नव्हतं. तोतारामभाऊंच्या घरचं लग्न, त्याला बोलावणं कशाला, म्हणून सगळे आपण होऊन आले होते. हातपाय धुऊन ते सरळ पंगतीला बसले. पंगत मांडवाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. वाढपी तीनच, आणि तेही शहरातून आणलेले. पांडुरंगराव पांढरे पडले. पत्रावळी मांडलेल्या, माणसं बसलेली, आणि वरणाची बादली अजून पहिल्याच ओळीत.

तोतारामभाऊ उठले. धोतर वर खोचलं, वाढप्याच्या हातातून बादली घेतली आणि चालू लागले. पांडुरंगराव धावत आडवे आले. "दादा, हे काय? तुम्ही बसा. तुम्ही पाहुणे..."

"पाहुना कोन बे पांड्या? सरक तिकडे. भात आन माह्या मांगून."

सगळ्या डॉक्टर-वकिलांसमोर! पांडुरंगराव तिथेच खिळले.  मग त्यांनी कोटाच्या बाह्या वर केल्या, भाताची परात उचलली आणि भावाच्या मागे निघाले. "येऊन राह्यलो ना! थांब तं जरासा, किती पयते!" ओरडताना त्यांची मराठी पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत वरण जास्त पातळ झालंय की नाही यावरून दोघांचं वाजलं. मोताळ्याची माणसं जेवता जेवता ऐकत होती. पत्रावळी उचलल्या तेव्हा रुखमावहिनी आणि त्यांची जाऊ माठाआड एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या.

दुकानं काही पुन्हा एक झाली नाहीत. कंपनीचं धोरण होतंच. नवं घर बांधून झालं होतं, आणि खरं सांगायचं तर दोन्ही धंदे वेगळे झाल्यावर अधिक चांगले चालत होते. कसे, ते मला कळलं नाही. तोतारामभाऊंनाही कळलं नाही. त्यांना त्याचंही आश्चर्यच वाटायचं. दुपारी मात्र ते रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. मोटारीचं गिऱ्हाईक आलं, की "हे आपल्या कंपनीचं नाही," म्हणून उठायचे. पांडुरंगराव सदरा धरून त्यांना खाली बसवायचे.

मग आमची अकोल्याला बदली झाली. सामान न्यायला तोतारामभाऊंनी शामरावांचा ट्रक मागून आणला. सामान मागे चढलं, आम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. वहिनींनी खिडकीतून डबा दिला. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं, तेवढ्यात तोतारामभाऊ लगबगीनं खिडकीशी आले. चेहरा उजळलेला. "बाई, काल एकदम ध्यानात आलं! कंपनी येगळी काऊन झाली ते!"

"का झाली?" मी ओरडून विचारलं.

ते बोलू लागले. ट्रक हलला, तसे ते खिडकीबरोबर चालायला लागले. हातवारे करत होते, बोटांवर मोजत होते, एक मुद्दा, दुसरा मुद्दा. इंजिनच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ह्यांनी ड्रायव्हरला थांबायची खूण केली, पण मागून बस भोंगा वाजवत होती. ट्रकनं वेग घेतला. तोतारामभाऊही वेगानं चालू लागले, चाकाच्या अगदी जवळून.

तेवढ्यात पलीकडून पांडुरंगराव धावत आले, त्यांनी भावाला दंडाला धरून मागे खेचलं आणि चिडून काहीतरी बोलले. मी बाहेर डोकं काढून मागे पाहिलं. तोतारामभाऊंनी रागावलेल्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून ते आता त्याला समजावून सांगत होते. भोंगा वाजवणारी बस त्यांना वळसा घालून पुढे आली. दोघांपैकी कोणीही बाजूला झालं नाही.